समवाय आणि संयोग : वर्धा-योजनेची परिभाषा व मोठ्या माध्यमिक शाळेतील शिक्षकाचे कार्य

१

शिक्षणविषयक अहवाल हे प्रशासकाच्या आणि इतिहासकाराच्या उपयोगाचे साहित्य होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. समीक्षकाची दृष्टी त्यांकडे क्वचितच वळते. परंतु अहवाल हाही शब्दांचाच बनलेला असतो. त्यात कोणत्या गोष्टीला नाव दिले आहे, कोणत्या गोष्टीला माप दिले आहे आणि कोणती गोष्ट नाव वा माप यांपैकी काहीच न देता गृहीत धरली आहे, हे पाहणे समीक्षेच्याच कक्षेत येते. ज्या अहवालावरून एका देशातील मुलांनी काय शिकावे व शिक्षकांनी काय करावे हे ठरावयाचे असते, त्याची परिभाषा तपासणे तर अधिकच अगत्याचे ठरते.

या दृष्टीने वर्धा-योजनेच्या अहवालाइतका उद्बोधक लेख दुसरा मिळणे कठीण आहे. दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. निमित्त होते तेथील मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे. हेच विद्यालय नवभारत विद्यालय या नावाने प्रसिद्ध आहे. परिषदेने चार ठराव संमत केले : सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण सर्व देशभर असावे, ते मातृभाषेतून द्यावे, ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, आणि या पद्धतीतून शिक्षकाच्या वेतनाचा खर्च कालांतराने निघावा. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा, आर्यनायकम् दांपत्य आदी मंडळी तीत होती. समितीने आपला अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत सादर केला.

येथे एक विसंगती ध्यानी घेतली पाहिजे. परिषद भरली ती एका भरभराटीस आलेल्या हायस्कुलाच्या उत्सवानिमित्त. परंतु तिने जी योजना जन्मास घातली तीत हायस्कुलास स्थानच नव्हते. इंग्रजी वगळून मॅट्रिकपर्यंतचे ज्ञान आणि त्याला एका उद्योगाची जोड, एवढे सर्व सात ते चौदा या वयात व्हावे, ही गांधीजींची कल्पना होती. तेव्हा ज्या शाळेने यजमानपण केले तिच्याच शिक्षकाविषयी योजना मौन पाळते. हे मौन पुढे कोणी व कसे भरून काढले आणि त्यात शिक्षकाच्या पदरी काय पडले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. मोठी, सर्व शाखांची, यशस्वी म्हणून गणली जाणारी माध्यमिक शाळा आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आढळते. तिच्यातील शिक्षकाचे काम नेमके कोणते, याचे उत्तर वर्धा-योजनेच्या एका शब्दात दडलेले आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू. योजनेस ‘नई तालीम’ हे नाव रूढ झाले. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी; ज्ञानवाचक धातूपासून तो निघालेला असून हिंदुस्तानीत त्याचा अर्थ ‘शिक्षण’ असा सरळ आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ आकुंचित झाला. मराठी माणसाची तालीम म्हणजे आखाडा. किंवा मग नाटकाची तालीम. दोहोंतही पुस्तकाला स्थान नाही. अंगाने, घामाने, पुनःपुन्हा करून आत्मसात करावयाची विद्या एवढाच अर्थ उरलेला आहे. वर्ध्यातील मराठी श्रोत्याच्या कानावर ‘नई तालीम’ हे शब्द पडले तेव्हा त्याला ‘नवे शिक्षण’ याहून ‘नवा सराव’ हा अर्थ अधिक जवळचा वाटला असल्यास नवल नाही. योजनेवर पुढे जो मुख्य आक्षेप आला, की ती मुलांना शिकवीत नाही तर राबविते, त्याचे बीज मराठीत तरी नावातच होते. आणि गंमत अशी, की योजनेचे खरे मर्मही त्याच अर्थात होते. कारण करण्यातून कळणे हाच तिचा दावा होता.

त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पंडित रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने जी ग्रामीण शाळांची योजना आखली तिचे नाव ‘विद्यामंदिर’. या शाळांचे शिक्षक घडविण्याचे काम १९३८ साली वर्ध्यातच सुरू झाले. ‘मंदिर’ या पदाचा मूळ अर्थ केवळ गृह असा असला, तरी मुस्लिम पुढाऱ्यांनी त्यास देवालयाच्या अर्थाने घेतले आणि नावावरून मोठा वाद माजला. शैक्षणिक परिभाषा कोशात राहत नाही, ऐकणाऱ्याच्या अनुभवात राहते, याचे हे ठळक उदाहरण होय.

तिसरी जोडी याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे शिकविणारा तो ‘मास्तर’ आणि भिंत बांधणारा किंवा यंत्र दुरुस्त करणारा तो ‘मिस्त्री’. पहिला शब्द इंग्रजीतून आला, दुसरा पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’ या शब्दावरून. परंतु दोहोंचे मूळ एकच, लॅटिन ‘मागिस्तेर’. एकच शब्द दोन वाटांनी मराठीत आला आणि येथील समाजरचनेने त्याची दोन माणसे केली : एकाच्या हातात खडू, दुसऱ्याच्या हातात करणी, एकाला ओसरीवर बसवावयाचे, दुसऱ्याला अंगणात उभे ठेवावयाचे. वर्धा-योजनेची महत्त्वाकांक्षा भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाची तर एवढीच होती, की मास्तर आणि मिस्त्री हे पुन्हा एक शब्द व्हावेत.

३

हे ऐक्य साधण्याची पद्धती म्हणून जो शब्द पुढे आला तो ‘समवाय’. विनोबांच्या शिक्षणविषयक लेखनाने तो मराठी वाचकांच्या परिचयाचा केला आणि पुढे अध्यापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो कायमचा स्थिरावला. शिक्षक होऊ पाहणारा प्रत्येक विद्यार्थी पाठाच्या टाचणात आजही ‘अन्य विषयांशी समवाय’ असा एक रकाना भरतो. परंतु हा शब्द किती मोठी मागणी करतो, याची जाणीव तो रकाना भरणाऱ्यास सहसा नसते.

‘समवाय’ ही न्याय-वैशेषिकांची संज्ञा आहे. दोन पदार्थांमधील संबंध दोन प्रकारचा असू शकतो. पक्षी झाडावर येऊन बसला, तर पक्षी आणि झाड यांचा ‘संयोग’ झाला; पक्षी उडाला की संयोग संपला, आणि दोहोंपैकी कोणाचेही स्वरूप त्याने बिघडत नाही. परंतु अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी, क्रिया आणि क्रियावान यांचा संबंध असा नव्हे. तेथे एकाला वेगळे काढले तर दुसरे उरतच नाही. अशा अविभाज्य संबंधास समवाय म्हणतात. आणि त्याचे शास्त्रकारांनी दिलेले नेहमीचे उदाहरण म्हणजे तंतू आणि पट, सूत आणि वस्त्र. ज्या शिक्षणपद्धतीने सूतकताईला मध्यवर्ती स्थान दिले, तिने आपल्या पद्धतीसाठी नेमकी हीच संज्ञा उचलावी, हा योग अर्थपूर्ण आहे.

आता खरा समवाय कसा असतो हे एका उदाहरणाने पाहता येईल. सुताचा ‘नंबर’ हे कातणाऱ्याच्या नित्य व्यवहारातील माप आहे. एका पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. दहा नंबरच्या एक पौंड सुताची लांबी ८,४०० वार भरते. वीस नंबरच्या सुताची १६,८०० वार. म्हणजे सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा. आणि लांबी तीच ठेवली तर नंबर दुप्पट होताच वजन निमपट होते. व्यस्त प्रमाण ही गणितातील कल्पना येथे सुताला बाहेरून चिकटविलेली नाही; ती सुतातच आहे. टकळी हाती असलेल्या मुलाला ती बोटांनी कळलेली असते. याउलट, ‘आपण कापसाचे सूत कातले, कापूस मिसर देशातही पिकतो, तर आज मिसर देशाची माहिती घेऊ’ अशा प्रकारे भूगोलाचा पाठ उभा केला, तर तो पक्षी आणि झाड यांच्यासारखा निव्वळ संयोग होय. मिसरला त्या सुताची गरज नाही आणि सुताला मिसरची. वर्धा जिल्ह्यात तर अशी ओढाताण करण्याचे कारणच नव्हते. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या तोंडी स्वतंत्र नावाने होता. शेतातील बोंडापासून बाजाराच्या भावापर्यंत आणि गिरणीच्या कापडापर्यंतचा सारा सामाजिक इतिहास मुलाच्या दाराशी उभा होता. अहवालानेही केवळ हस्तोद्योग हे एकच केंद्र मानले नव्हते. भौतिक परिसर आणि सामाजिक परिसर ही आणखी दोन केंद्रे त्याने सांगितली होती.

४

येथपर्यंत तत्त्वाची बाजू झाली. परंतु सुतातील प्रमाण मुलाच्या बोटांतून मुलाच्या बुद्धीत कसे जाते? हा प्रश्न भाषेचा आहे, आणि अहवालाच्या समर्थकांनी तसेच टीकाकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

वर्ध्याच्या खेड्यातील मूल आपला अनुभव सांगताना म्हणेल, ‘सूत बारीक होऊन राह्यलं, नंबर वाढून राह्यला.’ ही दोन वाक्ये आहेत. दोन घटना त्याने शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांतील संबंध त्याच्या हाताला ठाऊक आहे, वाक्याला ठाऊक नाही. शिक्षक जेव्हा त्याच्याकडून ‘जसजसं सूत बारीक होतं, तसतसा नंबर वाढतो’ असे एक वाक्य काढून घेतो, तेव्हा दोन घटनांचा नियम होतो. मराठीतील ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जर–तर’, ‘जसजसा–तसतसा’ ही संबंधदर्शक वाक्यरचना म्हणजे समवायाचे व्याकरण होय. ‘आणि मग’ या सांधणीवर चालणारे बोलणे या रचनेपर्यंत नेणे, हीच शिकविण्याची मूळ क्रिया आहे. त्यासाठी मुलाचे ‘राह्यलं’ खोडून ‘आहे’ लिहावयास लावण्याची आवश्यकता नाही. बोली तीच राहून वाक्याची बांधणी बदलू शकते. मातृभाषेतून शिक्षण या ठरावाचा गाभा हा आहे. मातृभाषा हा एक विषय आहे म्हणून नव्हे, तर संबंध जोडण्याचे एकमेव हत्यार मुलाजवळ तेच आहे म्हणून.

‘समवाय साधणे’ हा रूढ वाक्प्रयोगही या दृष्टीने सदोष ठरतो. जो संबंध पदार्थांतच असतो तो कोणी साधू शकत नाही. तो फक्त दाखविता येतो. जे साधावे लागते तो संयोगच. शिक्षकाचे काम जोडण्याचे नसून उलगडण्याचे आहे, हे या संज्ञेचे शास्त्रशुद्ध तात्पर्य होय. आणि ते पाळावयाचे तर शिक्षकाला वस्तूचे आतून ज्ञान हवे, मुलाच्या बोलण्याकडे कान हवा आणि या दोहोंसाठी वेळ हवा.

५

अहवालाने शिक्षकाला यांपैकी काय दिले? शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला होता. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला. ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून. ४० मिनिटे मातृभाषेला. ३० मिनिटे सामाजिक शास्त्रे व सामान्य विज्ञान यांना. १० मिनिटे शारीरिक शिक्षणाला. आणि १० मिनिटे मधली सुट्टी. वर्षाचे कामाचे दिवस २८८. म्हणजे वर्षाकाठी उद्योगाचे ९६० तास आणि मातृभाषेचे १९२ तास. या आकड्यांवर पुष्कळ टीका झाली. परंतु वर प्रतिपादिलेली दृष्टी स्वीकारली तर ९६० तासांत दोष नाही. ते तास जर बोलके असतील तर तेच भाषेचेही तास आहेत. दोष असा, की ते तास बोलके होतील याची तरतूद वेळापत्रकात कोठेच नाही. साडेपाच तासांच्या या दिवसात शिक्षकाच्या पूर्वतयारीला एकही मिनिट दिलेले नाही.

शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा सुचविला होता. परंतु योजना तातडीने सुरू करावयाची म्हणून एक वर्षाचा लघु अभ्यासक्रमही दिला होता. प्रवेशासाठी मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, अथवा व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, एवढी पात्रता पुरेशी मानली होती. वेतन शक्य तर २५ रुपये, कोणत्याही परिस्थितीत २० हून कमी नाही. ज्याने मास्तर व मिस्त्री यांचे ऐक्य करावयाचे, ज्याने वस्तूतील समवाय उलगडावयाचा, त्याच्या तयारीची आणि चरितार्थाची ही तरतूद होती. मागणी आचार्याची आणि पुरवठा उमेदवाराचा, असे याचे वर्णन केल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

अहवालास याची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. योजनेची आर्थिक बाजू शैक्षणिक बाजूवर मात करील, शिक्षक मुलांकडून अधिकाधिक काम काढून घेण्यातच शक्ती खर्च करील, हा धोका समितीने स्वतःच स्पष्टपणे नोंदविला आहे. आणि योजना स्वावलंबी ठरली नाही तरी केवळ शिक्षण म्हणूनही ती स्वीकारणीय आहे, असे बजावले आहे. परंतु परिषदेचा चौथा ठराव शिक्षकाचे वेतन मुलांच्या उत्पादनाशी बांधून बसला होता. परिषदेतच के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या या कल्पनेवर शंका घेतली होती. ज्याचा पगार मुलाच्या सुतातून निघावयाचा, त्याला मुलाचे चुकलेले सूत हा शिकविण्याचा प्रसंग वाटणे दुर्घट असते. ते त्याला नुकसान वाटते. शिवाय सूत मोजता येते. ‘जसजसं–तसतसं’ मोजता येत नाही. निरीक्षकाच्या वहीत जे उतरते तेच शाळेत टिकते, या न्यायाने अनेक ठिकाणी चरखा राहिला आणि समवाय गेला. अहवालाने आपल्या सर्वोत्तम कल्पनेला नाव दिले, पण वेळ दिला नाही. आणि माप दिले ते दुसऱ्याच गोष्टीला. योजनेच्या अपयशाची राजकीय व आर्थिक कारणे पुष्कळ सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु संहितेतील हा अंतर्विरोध त्या सर्वांच्या अगोदरचा आहे.

६

माध्यमिक शाळेविषयीचे मौन दोन बाजूंनी भरून निघाले. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेने नई तालीमची व्याप्ती बालपणापासून प्रौढपणापर्यंत वाढविली आणि चौदा वर्षांपुढील मुलांसाठी ‘उत्तर बुनियादी’ शिक्षणाची कल्पना मांडली. तीत शाळा म्हणजे शेती, गोशाळा, वस्त्रोद्योग, आरोग्य यांनी भरलेला एक लहान समाज होता. हा मार्ग लहान शाळेचा, एकत्र निवासाचा आणि थोड्या मुलांचा होता.

दुसरा मार्ग डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाचा. १९५२ साली नेमलेल्या आणि १९५३ साली अहवाल देणाऱ्या या आयोगाने ‘बहुउद्देशीय शाळा’ सुचविली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान अशा सात गटांतून मुलाने आपल्या कलाप्रमाणे निवड करावी आणि हे सारे गट एकाच शाळेत असावेत, ही तिची रचना. मागे पडलेल्या मुलांची वेगळी शाळा व हुशारांची वेगळी शाळा हा भेद मोडावा, हा त्यातील हेतू निःसंशय लोकशाहीचा होता. त्याच दशकात, १९५४ साली, लंडनमध्ये किडब्रूक येथे सर्वसमावेशक माध्यमिक शाळा उभी राहिली आणि १९६५ पासून इंग्लंडच्या सरकारने त्या धोरणाचा पुरस्कार केला. तेथेही प्रेरणा हीच होती.

तथापि परिभाषेच्या दृष्टीने पाहता एक मोठा पालट येथे घडला आहे. ‘मूलोद्योगी’ हे विशेषण शिकविण्याच्या पद्धतीविषयी काही सांगते. ‘बहुउद्देशीय’ हे विशेषण शाळेच्या रचनेविषयी सांगते, शिकविण्याविषयी काहीच सांगत नाही. व्याकरणाने ‘बहूद्देशीय’ असा संधी व्हावयास हवा; पण व्यवहारात हा शब्द बहुतेक वेळा संधी न करताच लिहिला जातो. पदे शेजारी उभी आहेत, मिसळलेली नाहीत. बहुउद्देशीय शाळेचे स्वरूपही पुष्कळ अंशी तसेच झाले. सुतारशाळा एका टोकाला, प्रयोगशाळा दुसऱ्या टोकाला. मास्तर वर्गात, मिस्त्री कर्मशाळेत. एका छताखाली सात शाखा आल्या. परंतु न्यायशास्त्राच्या भाषेत तो संयोग झाला, समवाय नव्हे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ ही संज्ञा दिली. ‘मूलोद्योग’ या समासात उद्योग हे प्रधान पद होते. ‘कार्यानुभव’ या समासात अनुभव हे प्रधान पद आहे आणि कार्य त्याला षष्ठीने जोडलेले आहे. जे ३ तास २० मिनिटांचे होते ते आठवड्यातील एखाद्या तासिकेचे झाले.

मुदलियार आयोगाला मात्र एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. वर्गात ३० विद्यार्थी असावेत, कोणत्याही स्थितीत ४० हून अधिक नसावेत. आणि शाळेत ५०० असावेत, फार तर ७५०. असे त्याने सांगितले होते. म्हणजे अनेक शाखांच्या शाळेचा पुरस्कार करणाऱ्यांनीच तिच्या आकाराला मर्यादा घातली होती. पुढील काळात शाखा राहिल्या वा गेल्या, मर्यादा मात्र सर्वत्र विसरली गेली आणि ‘मोठी’ हे विशेषण ‘चांगली’ या अर्थाने वापरले जाऊ लागले.

७

अशा मोठ्या व यशस्वी शाळेत शिक्षकाचे स्थान काय, हे त्याच्या संबोधनांतूनही उमगते. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षक तो ‘गुरुजी’ आणि माध्यमिक शिक्षक तो ‘सर’. पहिल्या शब्दात नाते आहे, दुसऱ्यात हुद्दा. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, म्हणजे एका नावाजलेल्या माध्यमिक शाळेत शिक्षक होते. पण महाराष्ट्राने त्यांना ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखले. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. मुलांचा रोजचा दिवस आणि मुलांची भाषा यांना एकत्र आणणारे ते काम होते. वेळापत्रकातील कोणत्याही तासिकेत न बसणारे हे कार्य समवायाचे होते, आणि ते शाळेच्या यशाच्या कोणत्याही तक्त्यात मांडता आले नसते. सन २००० पासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला प्रथम तीन वर्षे मानधनावर नेमण्याची पद्धत आली. त्या पदाचे नाव ‘शिक्षणसेवक’. सेवा या शब्दाचे गांधीयुगातील पावित्र्य त्यात उसने घेतले आहे; १९३७ च्या वीस-पंचवीस रुपयांमागील त्यागाची अपेक्षा तेवढी उरली आहे आणि त्या त्यागाला अर्थ देणारी कल्पना गळून पडली आहे.

यशाचा शब्द ‘निकाल’ हा आहे. शाळांच्या फाटकावर उन्हाळ्यात लागणारे शंभर टक्के निकालाचे फलक सर्वांच्या परिचयाचे आहेत. मराठीत ‘निकाल लावणे’ याचा अर्थ प्रकरण संपविणे असाही होतो, हे विसरू नये. झाकिर हुसेन समितीने प्रचलित परीक्षापद्धतीचा स्पष्ट निषेध केला होता. पण तिच्या जागी सुताचे माप आले. आता सुताच्या जागी टक्केवारी आली आहे. मोजमापाची वस्तू बदलली. मोजमापाने शिकविण्याची जागा घ्यावयाची ही प्रक्रिया मात्र तीच राहिली. सन २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे कामही शिक्षकाकडे आले आहे. या साऱ्यातून जो वेळ शिल्लक राहतो, त्यात तो पन्नास-साठ मुलांच्या वर्गासमोर उभा राहून, ‘आणि मग’ पासून ‘जर–तर’ पर्यंतचे अंतर काटण्यास त्यांना मदत करतो. हे काम तो करीतच नाही असे नव्हे. प्रत्येक चांगला शिक्षक ते करतो. पण ते तो जणू चोरून करतो; कारण शाळेच्या भाषेत त्या कामाला नाव नाही, आणि टाचणातील ‘समवाय’ हा रकाना कधीच निर्जीव झालेला आहे.

८

येथे एक आक्षेप संभवतो. लहान बुनियादी शाळेत एकच शिक्षक दिवसभर एकाच वर्गाबरोबर असतो, म्हणून तेथे समवाय शक्य होता. मोठ्या माध्यमिक शाळेत एका वर्गावर सात-आठ शिक्षक येतात, प्रत्येकाचा विषय स्वतंत्र आणि खोल. तेथे सर्व विषयांचे ऐक्य करू पाहणे म्हणजे ज्ञानाचा उथळपणा पत्करणे होय. आक्षेप वजनदार आहे आणि नई तालीमच्या काही अतिउत्साही प्रयोगांना तो लागूही पडतो. परंतु तो ‘समवाय’ या शब्दाच्या सैल अर्थावर आधारलेला आहे. विषयाविषयांची मोट बांधणे म्हणजे समवाय नव्हे; तो तर संयोगच. नियम आणि ज्या वस्तूत तो नियम वसतो ती वस्तू यांचा संबंध दाखविणे म्हणजे समवाय. आणि तो एका विषयाच्या एका तासिकेतही दाखविता येतो. किंबहुना विषयाचे खोल ज्ञान असलेला माध्यमिक शिक्षकच तो अधिक चांगल्या रीतीने दाखवू शकतो. तेव्हा मोठी शाळा ही समवायाची शत्रू नाही. शिक्षकाचे काम केवळ तासिकांच्या संख्येने आणि निकालाच्या टक्क्याने ओळखणारी शाळा, मग ती लहान असो वा मोठी, ती त्याची शत्रू आहे.

आशेला जागा नाही असे नाही. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्राथमिक स्तरासाठी शिक्षकाचे आठवड्याचे काम ४५ तासांचे धरताना त्यात पूर्वतयारीचे तासही अंतर्भूत केले; १९३७ च्या वेळापत्रकातील उणीव कागदावर तरी भरून निघाली. पहिली ते पाचवी या वर्गांसाठी एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी हे त्या कायद्याचे सर्वसाधारण प्रमाण. झाकिर हुसेन समितीनेही एका शिक्षकाकडे ३० हून अधिक मुले देऊ नयेत असेच सुचविले होते. सेवाग्राम येथे २००५ साली ‘आनंद निकेतन’ ही शाळा नई तालीमच्या मार्गाने पुन्हा सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यावसायिक अनुभवाची व दप्तराविना दहा दिवसांची तरतूद केली आहे. परंतु ते दहा दिवस संयोगाचे होणार की समवायाचे, हे धोरणाच्या मजकुरावर अवलंबून नाही. सुताराकडे मुलांची सहल नेली आणि परत आणली, तर पक्षी झाडावर बसून उडून गेला. रंध्याखालून निघालेल्या सालपटाची जाडी आणि पात्याचा कोन यांविषयी मुलाने ‘जसजसं–तसतसं’ असे एक वाक्य स्वतःहून उच्चारले, तर काही घडले.

माध्यमिक शिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापन करू इच्छिणाऱ्याने म्हणून तीन प्रश्न विचारावेत. त्याला आपल्या विषयातील वस्तू हाताळावयास मिळते काय? त्याच्या वर्गात प्रत्येक मुलाचे वाक्य ऐकता येईल इतकीच मुले आहेत काय? आणि ऐकलेल्या वाक्यावर विचार करण्यासाठी त्याच्या आठवड्यात मोकळे तास आहेत काय? या तिहींचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या शाळेचे यश शिक्षकाच्या जमेस धरता येणार नाही. ते मुलांच्या घरातून, शिकवणीवर्गांतून किंवा प्रवेशाच्या वेळी केलेल्या निवडीतून आलेले असते. वर्धा-योजनेने आपल्या शिक्षकाला अशक्य ओझे दिले, हे खरे. पण त्याच्या कामाचे नाव तिला ठाऊक होते. तिच्यानंतरच्या अहवालांनी ओझे वाटून दिले आणि त्या वाटपात ते नाव हरवले. टाचणाच्या रकान्यात पडून राहिलेल्या त्या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून देणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे आणि शिक्षकाचे समाईक कर्तव्य होय.